टेकाडाखालची माती

टेकाडाच्या पार तळाशी, बाबांच्या मते जिथे मराठा छावणीच्या खुणा लागायला हव्या होत्या तिथे, ॲल्युमिनियमची एक चेपलेली वाटी निघाली. देवयानी ती हातात घेऊन खड्ड्यातच उकिडवी बसून राहिली.

कोलकात्याबाहेरच्या या शिवारातून नवा लोहमार्ग जाणार होता. रूळ पडण्याआधी चाचणीचे खड्डे घेऊन खाली जुनं काही आहे का, ते पाहायचं, हे तिचं काम. बंगालवर चालून आलेल्या मराठा घोडेस्वारांना इथे बर्गी म्हणतात, आणि हे टेकाड त्यांचंच, असं बाबा बँकेत होते तेव्हापासून सांगत आले होते. फेब्रुवारीत ते गेले.

"दीदी, बर्गी मागे काही ठेवत नसत," काठावरून फोटो काढणारा तन्मय म्हणाला. "सगळं घेऊन जायचे."

एरवी ती हसली असती. शेजारचं तळं खणताना निघालेली माती इथे टाकली होती, तीही, या ॲल्युमिनियमच्या वाटीवरून, फार तर शंभर वर्षांत. त्याखाली नुसती भातशेताची चिकणमाती. आता हे आईला सांगायचं होतं, आणि आई बालीगंजहून डबा घेऊन निघालीही होती.

सुनंदाबाई आल्या, लेकीच्या खड्ड्यात वाकून पाहू लागल्या.

"आई, छावणी नाहीये इथे." देवयानीने नजर खालीच ठेवली. "बाबांचं चुकलं."

"नक्की?"

"नक्की."

"बरं झालं बाई."

देवयानीने वर पाहिलं.

"अगं, आपण बेहालाला भाड्याने राहायचो तेव्हा खालची घरमालकीण नातवाला बर्गींची भीती घालून झोपवायची. आणि हे खाली जाऊन तिलाच ऐटीत सांगायचे, आमचे लोक पार इथवर आले होते. मला जिना उतरायची चोरी. चला, या गावाला तरी आपण लुटलं नाही."

"बाबांना वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं की. आठवडाभर घुम्यासारखे बसले असते. मग दुसरं टेकाड शोधून आपल्याला उन्हात तिथे नेलं असतं."

देवयानीला हसू आलं. डोळेही भरले, पण हसू आधी आलं. वडिलांना त्यांच्या मागे खोटं पाडावं लागेल, या धास्तीने ती इतके दिवस खणत होती. आईने वरून हात पुढे केला. तो धरून ती वर चढली, आणि खड्डा बुजवायला घ्या, म्हणून तिने तन्मयला सांगितलं.