तीन दगडी खोडांचा फोटो

मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांना घोडबंदर रोडचा देवेश माणसांतच धरत नसे. रिळाचा जुना कॅमेरा गळ्यात अडकवून हा पठ्ठ्या जैसलमेरच्याही पुढे, उन्हाने ओरबाडलेल्या उजाड टेकड्यांत जाऊन पोहोचला. तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं दगड होऊन पडली आहेत. एकुलत्या पोराला वाळवंटात एकटं कसं सोडायचं, म्हणून चिवड्याचा डबा घेऊन आई लक्ष्मीबाईही सोबत. ठाण्यातल्या प्रदर्शनात त्याचा एकच फोटो लागणार होता आणि तो कुठला, हे त्याने घरूनच ठरवून आणलं होतं: शेजारीशेजारी आडवी तीन खोडं, तिरपं ऊन, आसपास चिटपाखरू नाही.

पस्तीस फोटो असेच इकडेतिकडे उडवून झाले. रिळातला शेवटचा राखून तो दोन तास बूड भाजत बसला. ऊन मनासारखं उतरलं, त्याने कॅमेऱ्याला डोळा लावला, आणि आई पदर सावरत थेट मधल्या खोडापाशी जाऊन उभी राहिली.

"आये, बाजूला हो!"

"तिघांचा फोटो काढतोस? तिघांचा काढायचा नाय. त्यातला एक जातो."

"अगं, झाडं आहेत ती! मरून दगड झालीत. आता आणखी कुठे जाणार?"

"मेलेल्यांशी कशाला वाकडं घ्यायचं? मी चौथी हाय. काढ."

देवेशने शिव्या गिळल्या. सूर्य थांबणार नव्हता आणि आई हलणार नव्हती. त्याने खटका दाबला. ठाणं येईपर्यंत त्याने तिच्या चिवड्याला हात लावला नाही.

घरी रीळ धुतलं. पस्तीस फोटोंत ती खोडं आहेत की चुलीपुढचं सरपण, काही कळेना. आकाराचा अंदाज यावा असं शेजारी काही नव्हतंच. छत्तिसाव्यात मात्र खोडं अजस्र दिसत होती, कारण मध्ये आई होती. त्याने मुकाट्याने तोच दिला.

प्रदर्शनात लक्ष्मीबाई फोटोपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या.

"एवढीशी दिसते रे मी."

देवेश चेष्टा करणार होता, पण त्याची नजर फोटोवरून शेजारी उभ्या आईकडे गेली. आई एवढीशी झाली कधी, हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं. त्याने तिचा हात धरला.

"सोड, लोक बघतायत," ती म्हणाली.

त्याने सोडला नाही.