सत्यपेटी आणि मूठभर टाचण्या

पेटी जागची हलली नाही, तर सगळ्यांत मोठा फायदा शिलाई कारखान्याच्या मालकांचा होता. गोदामातून कापडाचे ताके नाहीसे होत होते आणि गोदामाची किल्ली होती त्यांच्या मेहुण्याकडे. चौकशी करायची म्हणजे आधी मेहुण्याची कॉलर धरायची आणि मग घरी जाऊन बायकोसमोर जेवायला बसायचं. एवढी छाती मालकांपाशी नव्हती. त्यापेक्षा चोर शिवणाऱ्या बायकांत निघाला, तर घरी शांतता, कारखान्यात दरारा, आणि निवाडा महाराजांनी केलेला, म्हणजे मालकांच्या हाताला डाग नाही.

म्हणून त्यांनी पेटीवाले महाराज आणले.

त्या दिवशी शिवणयंत्रं भिंतीला सरकवली होती. मधे एक बुटकं, जाड फळीचं बाक मांडलेलं, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं काळं मखमल आणि मखमलीवर पितळी कडीची एक लहानशी पेटी. बाकाला चिकटून महाराजांचा चेला स्टुलावर बसला होता. त्याचे पाय मखमलीच्या झालरीखाली गेले होते, आणि शेजारच्या जड पिशवीला तो कुणाला हात लावू देत नव्हता. रस्त्यावरची माणसं खिडक्यांना लटकली होती. त्याच गर्दीत एका शिंप्याच्या खांद्याआडून धाकटी बघत होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची, आणि आत रांगेत तिची थोरली बहीण उभी होती.

"ही सत्यपेटी," महाराज म्हणाले. "खऱ्या माणसाला फुलासारखी, खोट्याला डोंगरासारखी. ब्रह्मांडाच्या लहरी हिच्या बुडाशी येऊन बसतात, बाळांनो." पेटी किती जुनी, हे मात्र त्यांचं नक्की नव्हतं. सकाळी ती शंभर वर्षांची होती, दुपारपर्यंत पाचशेची झाली.

आत येताना सगळ्यांच्या कात्र्या, सुया, टाचण्या दाराशी टोपलीत काढून घेतल्या होत्या. सत्याला धार सोसत नाही, असं कारण.

आधी मेहुणा आला. त्याने एका बोटात कडी अडकवून पेटी उचलली आणि खिडकीकडे बघून हसला. मग एकेक बाई. पेटी उचलली की बाईचा चेहरा असा उजळायचा, जणू जन्मभराच्या वागण्यावर कुणी शिक्का मारून दिला. नवऱ्यांनी खिडकीतून माना डोलावल्या.

मग थोरलीची पाळी आली. बेतणीच्या टेबलाची ती मुख्य. गोदामातून ताके कमी येतात, हे मालकांच्या कानावर सगळ्यांत आधी तिनेच घातलं होतं. हे मेहुण्याच्या पक्कं लक्षात होतं.

तिने वाकून कडी धरली. पेटी हलली नाही. दोन्ही हातांनी ओढली, गळ्याच्या शिरा ताठल्या. पेटी बाकाला शिवल्यासारखी घट्ट.

"आठव, बाळ," महाराज हळुवारपणे म्हणाले. "पेटी उगाच रुसत नाही."

थोरली रडवेली झाली. "नातीच्या बाहुलीला... कापडाचे तुकडे नेते मी घरी. टेबलाखालचे."

"ऐकलंत?" मालक सगळ्यांकडे वळून म्हणाले. "कबूल केलं तिने. कापड नेते म्हणाली."

टेबलाखालची कातरण नेणं ही त्या कारखान्यातली जुनी रीत. तिथल्या एकीच्याही घरात दुसऱ्या कापडाचं पायपुसणं नव्हतं. पण त्या क्षणी सगळ्या बायका आपापल्या पायांकडे बघत होत्या.

थोरली घरी आली ती भिंतीकडे तोंड करून बसली. कामावर येऊ नको, असा निरोप तिच्या पाठोपाठ आला होता.

"ताई, तू कातरण नेलीस. ताके नेलेस का?"

"नाही गं. पण पेटीला कळलं ना. माझ्या मनात ते कातरणीचं होतंच."

"पेटीला कुठलं मन कळतंय?"

"तू मला शिकवू नको. मी डोळ्यांनी बघितलंय. अगं, टाचणीसुद्धा माझ्याकडे बोट करून उभी राहिली."

"कुठली टाचणी?"

"खांद्याला खोचलेली. सवयीने राहून गेली, टोपलीत टाकलीच नाही. वाकले तशी निसटून मखमलीवर पडली. अन् आडवी नाही पडली, उभी राहिली. ताठ. मी कडी सोडली तशी लवंडली."

धाकटी तिच्यासमोर मांडी घालून बसली. "परत सांग. उभी राहिली, आणि मग आपोआप पडली?"

"हो. देवाची शप्पथ."

"देवाला राहू दे बाजूला. टाचणी कशाची असते, ताई?"

"लोखंडाची. त्याचं काय?"

"आणि टोपलीत काय काय काढून घेतलं? कात्र्या, सुया, टाचण्या. लाकडी रीळ, बटणं, मापाची फीत काढून घेतली?"

थोरलीने खांद्यावरची टाचणीची जागा चाचपली. कात्रीला धार असते हे खरं. पण टाचणीला कसली धार? आणि काढून घेतलेलं सगळं होतं लोखंडाचं.

दुसऱ्या दिवशी महाराजांचा दरबार सगळ्या वस्तीसाठी खुला होता. नवऱ्यांना बायकांची परीक्षा करायची होती, सासवांना सुनांची. सुनांनी सासवांची करायची असं कुणाच्या डोक्यात आलेलं दिसलं नाही. धाकटी थोरलीला घेऊन रांगेत उभी राहिली. थोरली येत नव्हती. दंडाला धरून आणावी लागली.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या," मालक गालातल्या गालात हसून म्हणाले. "तुमचाही विश्वास बसला म्हणायचा."

"बसायलाच आलेय."

पाळी आली तसा तिने पदराखालचा हात काढला आणि मूठ मखमलीवर मोकळी केली. टाचण्या पेटीभोवती विखुरल्या. आडव्या, नुसत्या पडून राहिल्या.

"हे काय?" महाराजांचा आवाज चढला. "धार चालत नाही!"

"उचलते हं, महाराज. आधी पेटी, मग टाचण्या." तिने कडी धरली आणि मोठ्याने म्हणाली, "हा कारखाना माझा आहे. हे मालक माझ्याकडे नोकरीला आहेत."

खिडकीत कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांची मोठी पंचाईत झाली. पेटी उचलली गेली तर पेटी खोट्याला फुलासारखी ठरते. अडवावी तर टाचण्या समोर पसरलेल्या. महाराजांनी डोळे मिटून घेतले. पण चेल्याला एवढा विचार झेपला नाही. महाराजांनी खुणावलं किंवा खोटं कानावर पडलं की पाय दाबायचा, एवढंच त्याला शिकवलेलं होतं.

मखमलीवरच्या टाचण्या एकदम उभ्या राहिल्या. साळिंदराने अंग फुलवावं तशा.

धाकटीने कडी सोडली नाही. दुसऱ्या हाताने झालर वर केली. चेल्याच्या टाचेखाली एक पायकळ होती, शिवणयंत्राला असते तसलीच. तिच्यापासून वायर निघून बाकाच्या पोटात शिरत होती. चेल्याने घाबरून पाय उचलला आणि टाचण्या पटापट आडव्या झाल्या. मग पेटी सहज वर आली. तिने ती उलटी करून सगळ्यांना दाखवली. बुडाला लोखंडी पत्रा ठोकलेला होता.

"या लहरी बघून घ्या," ती म्हणाली. बाक आडवं केलं. आत लोखंडाचा जाड गाभा, त्यावर तांब्याच्या तारेची शेकडो वेटोळी, आणि ज्या पिशवीला चेला कुणाला हात लावू देत नव्हता तिच्यात गाडीची बॅटरी. "बॅटरीच्या एका टोकाकडून निघालेली वाट तारेतून फिरून दुसऱ्या टोकाला पोचली, तरच वीज वाहते. कळ सुटली की वाट तुटते. वीज वाहते तोवर हा गाभा चुंबक असतो आणि पत्र्याला धरून ठेवतो. वाहायची थांबली की जवळजवळ साधं लोखंड. पेटीला तुमचं मन कळत नाही. पायाला कळतं, कुणाला पकडायचं ते."

बाक सरळ करून टाचण्या पुन्हा पसरल्यावर एका लहान मुलीने पायकळ दाबून बघितली. टाचण्या उठल्या. सोडली, पडल्या. तिने ते इतक्यांदा केलं की शेवटी तिच्या आईने तिला ओढून नेलं.

आता लोक महाराजांना धरतील, असं धाकटीला वाटलं होतं. पण शिवणाऱ्या बायकांतली एक पुढे आली.

"काल मी उचलली ती? सगळ्यांसमोर उचलली होती. ती पण खोटी?"

"हो. चेल्याने पाय दाबला नाही म्हणून उचलली गेली."

"तुझ्या बहिणीचं झाकायला आमचं पण घालवतेस होय?"

मागून दोघीतिघींनी तिला दुजोरा दिला. एका दिवसापूर्वी मिळालेला खरेपणा कुणालाच परत करायचा नव्हता. महाराजांनी तेवढ्यात बॅटरीची पिशवी उचलली. चेल्याने पेटी बगलेत मारली आणि बाक डोक्यावर घेतलं. त्यांना वाट करून द्यायला दारातले लोक बाजूलासुद्धा झाले.

"बरं, पेटी लबाडीची," मालक म्हणाले. त्यांचा चेहरा जरा उतरला होता, पण फारसा नाही. "मीसुद्धा फसलो. मान्य. पण कबुली? ती काय चुंबकाने ओढून काढली? ती हिच्याच तोंडची ना?"

"कातरणीची कबुली आहे ती, साहेब." धाकटी बायकांकडे वळली. "तुमच्यातल्या कुणी कातरण नेली नाही घरी? एकीने सांगा. 'मीसुद्धा नेते' एवढंच म्हणा."

एकीने नाकाला पदर लावला. दुसरीने मालकांकडे पाहिलं, मग खाली. गोदामाच्या दारात मेहुणा किल्ली बोटाभोवती फिरवत उभा होता.

"चल," थोरली म्हणाली. "बास झालं. मला घरी ने."

विजेचा धडा सोपा असतो. बॅटरी, तार, कळ, लोखंड एवढं समजलं की असल्या पेट्या उघडता येतात, आणि त्या उघडायलाच हव्यात. कुणी चमत्कार दाखवायला आला, की तो काय दाखवतो याच्याआधी तो दाराशी काय काढून घेतो ते बघा. आणि पेटीने तुमच्या बाजूने निकाल दिला, तर तेव्हाही विचारा, कसा दिला. तेव्हा विचारणं जास्त अवघड असतं.

शेवटचा हिशेब एवढाच. महाराजांनी पुढच्या वस्तीत बाक मांडलं. म्हणे आता आधी हातपाय धुऊन अंगावरचे कपडे झाडायला लावतात. मेहुण्याची किल्ली मेहुण्याकडेच राहिली आणि मालकांच्या घरी जेवणं वेळेवर झाली. बायका पुन्हा यंत्रांवर बसल्या. बेतणीच्या टेबलाखालची कातरण आता कुणी उचलत नाही, ती झाडून जाळतात. थोरलीवर चोरीचा आळ कायम राहिला. रस्त्यात ओळखीची बाई दिसली की ती वाट बदलते. पेटीतली लबाडी सगळ्यांनी बघितली, आणि भरपाई तिने एकटीने केली.