अर्धा ग्रॅम जास्त

मी एक जुना तराजू आहे, मित्रांनो. पण थांबा, भाजीवाल्याकडचा नव्हे. मुलांच्या हायस्कुलातल्या प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत राहणारा, दहा मिलिग्रॅमचा फरक ओळखणारा तराजू. माझ्यासमोर कुणी शिंकलं तरी माझा काटा कितीतरी वेळ थाऱ्यावर येत नाही. इतक्या नाजूक प्रकृतीच्या वस्तूला खरं तर शांत जागा मिळायला हवी. मला मिळाली साडेचारशे मुलग्यांची शाळा.

एका अबोल कारागिराने माझी दांडी सात दिवस कानशीने घासली होती. मग लाकडाच्या भुशात गुंडाळून मला इथे पाठवलं. ही शाळा धर्मगुरू चालवतात. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या फादरांनी झग्याच्या बाह्या वर सारून मला स्वतःच्या हातांनी खोक्यातून काढलं. "याच्यासमोर श्वाससुद्धा विचारून घ्या," असं ते मुलांना बजावायचे. वजनांना बोट लावायचं नाही, चिमट्यानेच उचलायचं, हा त्यांचा नियम होता. तेव्हा विज्ञान मंडळाची मुलं माझ्यापुढे रांगेत उभी राहायची. माझा केवढा थाट होता म्हणून सांगू!

मग शाळेत नाट्यमंडळ निघालं आणि माझे ग्रह फिरले. कधी राजाच्या दरबारात, कधी दुकानात, जिथे तराजू लागेल तिथे माझी उचलबांगडी होऊ लागली. काचेची पेटी काढून टाकायची, कारण शेवटच्या रांगेला म्हणे मी दिसत नाही. एकदा तर माझ्या पारड्यात लाकडाचे आंबे ठेवले. दहा मिलिग्रॅम ओळखणाऱ्याला लाकडाचे आंबे! त्या वर्षी माझी दांडी जागेवरून निखळली, वाकता वाकता राहिली. प्रयोगशाळेतल्या मामांनी ती बसवली. मामा म्हणजे इथले शिपाई. माझी पेटी रोज पुसणारा एवढा एकच माणूस आता उरला आहे.

यंदा स्नेहसंमेलनात सकाळी विज्ञान प्रदर्शन होतं आणि संध्याकाळी नाटक. आताच्या फादरांनी ठणकावून सांगितलं, "तराजू जागचा हलणार नाही." मला हायसं वाटलं. पण नाटकवाले सर कसले ऐकतात! त्यांनी पुठ्ठ्याचा तराजू केला आणि माझं पन्नास ग्रॅमचं वजन मागून नेलं. पुठ्ठ्याचं वजन ठेवलं की आवाज येत नाही, असं त्यांचं म्हणणं. रोज मधल्या सुट्टीनंतर ते तालमीला जायचं आणि सकाळी परत यायचं. एके दिवशी परत आलं ते सोन्यासारखं लखलखत. मुलांना वाटलं मामांनी घासलं, मामांना वाटलं मुलांनी घासलं. वजन मात्र कुणी तपासलं नाही.

संमेलनाआधीच्या शनिवारी विज्ञान मंडळाच्या दहा मुलांनी प्रदर्शनातल्या प्रयोगाची तयारी केली. बुचाच्या बाटलीत एक द्रावण, आत उभ्या केलेल्या छोट्या नळीत दुसरं. बाटली तिरकी केली की दोन्ही मिसळतात, रंग बदलतो, पण वजन तेवढंच राहतं. वजन सुट्टीआधी एकदा करायचं आणि सुट्टीनंतर पुन्हा. फादरांनी सकाळीच फळ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहून ठेवलं, 'आधीचं वजन = नंतरचं वजन'. मग ते दुसऱ्या वर्गावर गेले.

पहिलं वजन दहाही जणांनी केलं. सुट्टीनंतर हॉलमध्ये तलवारबाजीची तालीम होती. नऊ मुलं तिकडे पळाली. दहावा एकटा माझ्यापाशी आला. सगळे त्याला शंकासुर म्हणतात, कारण 'पाणी शंभर अंशांवर उकळतं' हेही तो स्वतः उकळून बघतो. प्रदर्शनात माझ्यापाशी उभं राहायला फादरांनी त्यालाच निवडलं होतं. ते बघायला त्याच्या बाबांनी अर्ध्या दिवसाची रजासुद्धा काढली होती. त्याने तीनदा माझं शून्य तपासलं, बाटली तिरकी करून तीनदा तोलली, आणि दिसलं ते वहीत लिहिलं.

शेवटच्या तासाला फादर वह्या बघायला बसले. नऊ वह्यांत दोन्ही आकडे सारखे. दहावीत नंतरचा आकडा अर्धा ग्रॅम जास्त.

"हे काय रे? अर्धा ग्रॅम आला कुठून?"

"माहीत नाही, फादर."

"शून्यातून वस्तू निर्माण करणं देवाचं काम आहे. तू कधीपासून करायला लागलास?"

नऊ जण खो-खो हसले. माझ्या दांडीची आग मस्तकात गेली असती, मस्तक असतं तर!

"बरं, खोड ते आणि फळ्यावर आहे तसं लिही. विषय मिटव."

"खोडतो फादर, पण मग काट्याने दाखवलं ते कुठे लिहू?"

फादरांचा आवाज चढला. "असा हट्ट असेल तर प्रदर्शनात दुसरा कुणीतरी उभा राहील."

शंकासुराचे कान लाल झाले, डोळे भरून आले. पण खोडरबर काही त्याने उचललं नाही. मित्रांनो, मी आतल्या आत किती तडफडलो! तराजूला हात दोन दिले, तोंड एकही दिलं नाही.

"फादर," तो अडखळत म्हणाला, "सकाळी पन्नासचं वजन होतं. सुट्टीनंतर ते तालमीत होतं, म्हणून मी वीस, वीस आणि दहाचं लावलं. एकदा ती समोरासमोर ठेवून बघू या?"

फादरांनी कपाळाला हात लावला, पण मामांना हॉलमध्ये पाठवलं. मामा वजन घेऊन आले, आणि मागोमाग नाटकवाले सर.

"अहो मामा, तिकडे नाटकातला व्यापारी खोळंबलाय!"

"व्यापारी कुठं पळून जात नाही, सर," मामा म्हणाले.

त्यांनी चिमट्याने पन्नासचं वजन माझ्या डाव्या पारड्यात ठेवलं, उजव्यात वीस, वीस आणि दहा. माझं डावं पारडं खाडकन खाली गेलं. मामांनी वजन उलटं केलं. वर सोनेरी रंगाचे दोन हात, खाली वाळलेल्या डिंकाचा पोपडा.

"पुठ्ठ्यावरून घसरत होतं हो," सर ओशाळून म्हणाले. "थोडासाच लावलाय."

आता मुलं सरांना हसू लागली. फादर मात्र हसले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे सुट्टीनंतर हे वजन इथे नव्हतं?"

"नव्हतं," मामा म्हणाले.

"मग सकाळी या जड वजनाने बाटल्या हलक्या भरल्या, आणि नंतरच्या वजनात सगळ्यांनाच अर्धा ग्रॅम जास्त यायला हवा होता." ते नऊ जणांकडे वळले. "तुम्ही कशाने मोजलंत रे?"

कुणी चप्पल बघू लागलं, कुणी खिडकी. प्रयोगशाळेत इतकी शांतता मी त्या म्हाताऱ्या फादरांनंतर पहिल्यांदा अनुभवली.

फादर रागवायला उठले, आणि त्यांची नजर फळ्यावर गेली. तिथे त्यांचंच अक्षर होतं.

"हे मी केव्हा लिहिलं होतं?"

"सकाळी, फादर," शंकासुर म्हणाला. "बाटल्या कपाटातून काढायच्या आधी."

डस्टर न शोधता फादरांनी झग्याच्या बाहीनेच फळा पुसला, आणि शंकासुराची वही व पेन्सिल स्वतःच्या हातात घेतली. "चल, पहिल्यापासून," ते म्हणाले. "तू मोज आणि सांग. मी लिहितो."

मित्रांनो, माझ्यावर धूळ साचू देऊ नका, माझ्यासमोर शिंकू नका, हे तर मी सांगेनच. हवं तर नाटकातसुद्धा न्या, मी चिडेन, कुरकुरेन आणि गप्प बसेन. पण माझी पेटी उघडल्याशिवाय माझ्या नावावर आकडा लिहू नका. तेवढं मात्र मला सोसत नाही.