लाखलनच्या निऱ्या

आमच्या आर्डनाशमध्ये लाखलनचा चेहरा कुणी कधी नीट पाहिला असेल असं मला वाटत नाही. गरजच पडली नाही. खाडीपलीकडच्या डोंगरावर एक ठिपका हलायला लागला आणि त्या ठिपक्याच्या मागच्या अंगाला निऱ्यांचा झोका दिसला, की मी दुकानाच्या खिडकीतून म्हणायची, आला बाई लाखलन, आणि त्याचा तंबाखू काढून ठेवायची. बाकीचे बाप्ये किल्ट, म्हणजे आमच्याकडचं गुडघ्यापर्यंतचं निऱ्यांचं लोकरी नेसणं, नेसतात ते लग्नाला नाहीतर मयताला. तोही शहरातून भाड्यानं आणलेला, आणि नेसला की दिवसभर पोट आत ओढून उभे. लाखलन मेंढ्या कातरायला किल्टमध्ये, कुंपणाची तार ओढायला किल्टमध्ये, जळणाची काळी माती कापायला गुडघाभर चिखलात किल्टमध्ये. रविवारचा वेगळा, रोजचा वेगळा. रोजचा मुळात कुठल्या रंगाचा होता देव जाणे. शेवाळ आणि मेंढी यांच्या मधला काहीतरी झाला होता, आणि पावसात भिजला की दुकानभर त्याचा वास.

"मेल्या, बाहेर उभा राहा, माझे पाव नासतील," मी म्हणायची.

"तुझे पाव परवाचेच आहेत, इफी. नासायला उरलंय काय त्यात?"

उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसत त्याला विचारायच्या, आत काय घालता हो? तो गंभीरपणे सांगायचा, "हवामान, बाई. आज जरा गारठ्याचंच आहे." आणि विजारीचा विषय निघाला की तोंड कडू करायचा. माणसाला दोन नळ्यांत कोंबायची ही कुणाची अक्कल, म्हणायचा.

गावात खेळांचा दिवस असतो, त्या दिवशी तो पोरांना जुनी पद्धत दाखवायचा. शिंपी नव्हते तेव्हाची. गवतावर आधी कमरेचा पट्टा आडवा टाकायचा, त्यावर लांबलचक घोंगडी पसरायची, आणि गुडघ्यावर बसून बोटांच्या मापानं तिची एकेक निरी घालत जायची. आजोबानं शिकवलेलं. मग त्या निऱ्यांवर उताणं झोपायचं, दोन्ही टोकं पोटावर ओढून घ्यायची, पट्टा आवळायचा आणि उठायचं. झोपताना सदऱ्यातला हडकुळा म्हातारा, उठताना नेसलेला पुरुष. पोरं टाळ्या पिटायची. "तुमचे खापरपणजे रोज सकाळी उघड्या माळावर असे कपडे करायचे," तो सांगायचा, "आणि तुम्हाला मोजे घालायला आई लागते."

त्याची बायको लवकर गेली. एकच मुलगा, इव्हर, मासेमारीच्या बोटीवर. आठवडा आठवडा समुद्रात. तो नसताना म्हाताऱ्याकडे लक्ष द्यायला मी होते, म्हणजे बाजूच्या घरातून ओरडायला. आणि मीच पहिल्यांदा पाहिलं की लाखलन चहाचं भांडं चुलीवर ठेवतो आणि मेंढ्या बघायला जातो. मेंढ्या तर विकून झाल्या होत्या. मग भांडी जळाली, मग एकदा पडदा जळाला. इव्हर सुट्टी घेऊन घेऊन थकला. शेवटी खाडीच्या टोकाला म्हाताऱ्यांसाठी एक घर आहे, तिथं त्यानं बापाला नेऊन ठेवलं. मी त्याला दोष दिला नाही. विजारीबद्दल मात्र दिला.

पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा मी लाखलनच्या समोरून सरळ पुढे गेले. खिडकीपाशी करड्या विजारीत कुणी म्हातारा बसला होता, कमरेला रबर असलेली, ढगळ, गुडघ्यावर फुगा आलेली विजार. त्यानं मागून हाक मारली तेव्हा कळलं. मला बसायला खुर्ची द्यावी म्हणून तो उठला, आणि पुन्हा बसताना त्यानं पालथा हात पाठीमागून खाली फिरवला. जन्मभर किल्ट नेसलेल्या माणसाची ती सवय असते, बसण्याआधी मागच्या निऱ्या सारख्या करायच्या, नाहीतर चुरगळतात. हाताला काही लागलं नाही. त्यानं पुन्हा फिरवला. मग बसला.

"इफी, दार लोटून घे. मी असा बसलोय."

"असा म्हणजे कसा?"

"उघडा."

"अरे, विजार आहे की अंगात."

"ही? ही दुसऱ्या कुणाची तरी आहे." मग आवाज उतरवून म्हणाला, "इव्हरला सांग, माझे कपडे आण म्हणावं. मला घरी यायचंय गं. पण असा कसा येऊ? गावातून यावं लागतं."

मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो. तो सगळा राग धक्क्यावर जाऊन मी इव्हरवर काढला. तो जाळी धुवत होता.

"बापाला नागवं केलंस की रे तू," मी म्हटलं.

"मावशी, हळू बोल, माणसं आहेत."

"असू देत. ऐकू देत."

"किल्टला तीन पट्टे आहेत, तीन बकलं," इव्हर म्हणाला. "दिवसातून कितीदा ओलं करतो तो. एवढं लोकरीचं ओझं तिथल्या पोरींनी किती वेळा धुवायचं? वाळायला दोन दिवस. बसताना त्याला भान राहत नाही, समोर बायका असतात. त्या घरच्या मोठ्या बाई म्हणाल्या विजार आणा, मी आणली. काय करायला हवं होतं मी?"

"रविवारी तरी नेसव. चर्चच्या वेळेपुरता."

"आणि काढायचा कुणी?" त्यानं बाही वर केली. मनगटावर दातांचे निळे व्रण होते. "गेल्या वेळी काढला तेव्हाचं आहे हे. माझा बाप मला चावला, मावशी. तुला काय वाटतं, मला हौस आहे?"

पोरगं मुळात वाईट नाही. जाळ्याकडे बघत तो म्हणाला, "नाताळला घरी आणतो त्याला. घरी आणतो आणि नेसवतो, मी स्वतः. शब्द देतो तुला. तोवर किल्ट आहे माझ्या स्वयंपाकघरात दाराच्या मागे, टांगलेला."

मी हे लाखलनला जाऊन सांगितलं. नाताळला, म्हटलं. तो समजल्यासारखं हसला. पण त्याच्या डोक्यात आता नाताळ आणि उद्या यांत फरक राहिला नव्हता, हे मला समजायला हवं होतं असं लोक म्हणतात. लोकांना नंतर बरंच समजतं.

नोव्हेंबर अर्धा उलटला होता. दुपारी जेवणं झाल्यावर त्या घरातून मास्तरांना फोन आला, लाखलन कुठं दिसत नाही. बसायच्या खोलीतली एक घोंगडीही दिसत नाही. आमचे शाळेचे मास्तर डोंगरावर हरवलेल्यांना शोधणाऱ्या पथकाचे प्रमुख आहेत. फोनवरची पोरगी पुढं आणखी काही सांगत होती म्हणे, पण मास्तर म्हणाले, आम्ही त्याला चांगला ओळखतो, आणि फोन ठेवला. आमच्या लाखलनचं वर्णन आम्हाला परगावची पोर काय सांगणार!

अर्ध्या तासात सगळं गाव हॉलमध्ये. मास्तर खुर्चीवर चढले. एरवी ते सांगतात, उंची अमुक, कोट अमुक रंगाचा. त्या दिवशी म्हणाले, "कुणाला शोधायचंय ते तुम्हाला सांगायला नको. निऱ्या दिसल्या की शिट्टी मारा." दोघंचौघं हसलेसुद्धा. इतकी आमची खात्री. ज्याला एक मैलावरून ओळखतो तो काय हरवणार?

चारला अंधार पडला. खाडीचा काठ पाहून झाला, जुनी मातीची खाण झाली, ओढा झाला. वरून बर्फाचं पाणी पडायला लागलं. मी हॉलमध्ये चहाची किटली धरून होते. माणसं दोन दोन करून येत, चहा घेत, मान हलवत, पुन्हा जात. डुगल मेंढपाळ आला, त्यानं तर सबंध उत्तरेचा उतार दुपारपासून पायाखाली घातला होता. आपल्या मेंढ्यांसाठी तो आधीपासूनच वर होता.

तेवढ्यात इव्हर आला. बोट धक्क्याला लागताच कुणीतरी त्याला सांगितलं होतं. अंगावर मेणकापडाचा पोशाख तसाच, माशांचा वास, धावत आलेला.

"अजून किल्ट काही दिसला नाही कुणाला," मास्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "पण दिसेल. धीर धर."

"किल्ट?" इव्हर म्हणाला.

त्यानं मास्तरांचा हात खांद्यावरून काढला.

"किल्ट माझ्या दाराच्या मागे आहे," तो म्हणाला. "तुम्ही काय शोधताय? त्याच्या अंगात विजार आहे. करडी विजार."

मी मास्तरांकडे पाहिलं. आणि मी? मला तर विजार माहीत होती. पण खरं सांगते, डोंगरावर लाखलन म्हटलं की माझ्याही डोळ्यांपुढे निऱ्याच आल्या. विजारीतला तो म्हातारा खिडकीपाशीच बसलेला राहिला.

डुगलनं हातातला कप खाली ठेवला. फार हळू ठेवला.

"दुपारी कुरणाच्या वरच्या फाटकाशी एकजण होता," तो म्हणाला. "करडी विजार. मला वाटलं, पाहुणा आहे कुणी, फिरायला आलाय. लांब होता रे. मी हात केला. त्यानंही केला."

"मग?" इव्हर म्हणाला.

"मग तो दगडावर टेकला. टेकण्याआधी त्यानं मागून हात फिरवला. असा." डुगलनं पालथा हात मागून खाली नेला. "मला वाटलं, ढुंगणाला लागलेला चिखल पुसतोय."

हॉलमधल्या प्रत्येकानं तो हात उभ्या जन्मात हजारदा पाहिला होता. डुगल खुर्चीत बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. इव्हर बाहेर पळाला, आणि त्याच्या मागे सगळे.

रात्रभर सगळे वरच्या फाटकाच्या बाजूला होते. धुकं इतकं की बत्ती धरली तर नुसतं पांढरं दिसायचं. सापडला तो उजाडल्यावर. फाटकापासून पुष्कळ खाली, चर्चच्या वरच्या दगडी भिंतीआड. तिथून अख्खं गाव दिसतं. हॉलची खिडकी दिसते, माझं दुकान दिसतं, त्याचं स्वतःचं दार दिसतं. हाकेच्या अंतरावर. आमच्या हाका त्यानं ऐकल्या असणार, बत्त्याही पाहिल्या असणार.

मी चढून गेले तेव्हा माणसं गोल करून उभी होती, टोप्या काढून. विजार भिंतीवर होती. फेकलेली नव्हती. घडी करून ठेवलेली, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड. नंतर डॉक्टर म्हणाला, गारठलेल्या माणसाला शेवटी शेवटी उकडायला लागतं, तो अंगावरचं काढून टाकतो. डॉक्टर शिकलेला आहे, असेल तसं. पण उकाड्यानं वेडा झालेला माणूस घडी घालत बसत नाही.

त्या घरातली ती घोंगडी गवतावर पसरलेली होती आणि तिला निऱ्या घातल्या होत्या. सगळं विसरलेल्या माणसाच्या निऱ्या, एकेक सारखी, बोटाच्या मापाची. त्यावर तो उताणा झोपला होता, खेळांच्या दिवशी झोपायचा तसाच. एक टोक पोटावर ओढून घेतलेलं. दुसरं हाताच्या मुठीत, अर्ध्यावर. खाली पट्टा नव्हता. त्याच्यापाशी पट्टाच नव्हता.

तो हरवला नव्हता हो. घराची वाट त्याला बरोबर आठवली. गावात शिरायच्या आधी तो कपडे करत होता.

इव्हर पुढे झाला आणि गुडघ्यावर बसला.

"पोलीस येईपर्यंत हात लावता येणार नाही," मास्तर म्हणाले. "इव्हर, नियम आहे तसा."

"लावू दे त्याला," मी म्हटलं. "नियम गेला खड्ड्यात."

इव्हरनं बापाच्या मुठीतून ते टोक सोडवायला बघितलं. बोटं उघडेनात. मग त्यानं मूठ तशीच धरून सावकाश ओढली आणि टोक पोटावर आणलं. आपला मेणकापडाचा डगला वर करून त्यानं स्वतःच्या विजारीचा पट्टा काढला. डुगलनं न सांगता लाखलनला कमरेखाली हात घालून जरासा उचलला, इव्हरनं पट्टा खालून घेतला आणि आवळला. बकल दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा लागलं.

मग मास्तरांनीच नियम बाजूला ठेवून बाकीच्यांबरोबर त्याला उचललं. मी वरच्या पायवाटेनं न्या म्हणत होते, ती जवळची, मागच्या मागे घराकडे जाणारी. इव्हर एका हातानं स्वतःची विजार धरून उभा होता.

"नाही, मावशी," तो म्हणाला. "गावातून."