ज्याची गाडी त्याने उचलायची

नर्सबाईंची मोटारसायकल तिसऱ्यांदा आडवी झाली, तसा त्यांच्याबरोबर शिकणारा बेकरीवाला न राहवून धावला.

"हात लावायचा नाही!" चढावरून मास्तरीणबाई कडाडल्या. "ज्याची गाडी, त्याने उचलायची."

"अहो बाई, माणुसकी म्हणून तरी?"

"माणुसकी दाखवायची तर पाणी दे त्यांना. डोंगरातल्या वाटेवर तू असणार आहेस का गाडी उचलायला?"

तो कुठला असणार! म्हणून तर नर्सबाई या खडकाळ माळावर बाईंकडे गाडी शिकायला आल्या होत्या. डोंगरावरच्या वस्तीला जीप जात नाही आणि पायी गेलं तर दिवस मोडतो. त्यांनी हँडल पूर्ण वळवलं, गाडीकडे पाठ केली, सीटला कंबर टेकवली आणि पायांनी मागे रेटा दिला. हट्टी म्हशीसारखी गाडी एकदाची उभी राहिली.

मास्तरीणबाईंनी साठी कधीच ओलांडली होती. पण दगडांवरून उभ्याने गाडी उतरवताना त्या घरचा जिना उतरल्यासारख्या उतरायच्या. बघणाऱ्याने बघतच राहावं! नर्सबाई तर त्यांच्यावर फिदाच होत्या. पण नर्सची नजर ती. बाई हेल्मेट एकाच हाताने काढतात, हे त्या नजरेने पहिल्याच दिवशी टिपलं होतं.

चहाच्या वेळी नर्सबाईंनी हळूच विचारलं, "डावा खांदा कधीपासून धरलाय?"

बाईंनी आधी बाकीच्यांकडे पाहिलं. "कुणाला बोलू नका, सिस्टर. ज्या दिवशी माझी गाडी दुसऱ्या कुणी उचलली, त्या दिवशी हा वर्ग बंद. स्वतःलाच शब्द दिलाय."

"हा शुद्ध हट्ट झाला."

"आहेच मुळी. त्याच्याच जोरावर तर उभी आहे."

दुपारी शेवटचा चढ होता. कसा चढायचा ते दाखवायला बाई निघाल्या आणि ऐन मध्यावर चाकाखालचा दगड निसटला. गाडी आडवी, बाई बाजूला. त्या लगेच उठल्या, कपडेसुद्धा झटकले नाहीत. पण पोरांसमोर पडल्यामुळे घाई झाली असावी. ज्या चुकीसाठी त्या सगळ्यांना झापायच्या, तीच त्यांनी केली. गाडीकडे तोंड करून हातांनी ओढू लागल्या. खांदा साथ देईना. गाडी थोडी उठे, पुन्हा बसे. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

बेकरीवाला धावला. बाकीचेही निघाले. नर्सबाई दोन्ही हात पसरून वाटेत उभ्या राहिल्या.

"हात लावायचा नाही!"

आपला आवाज एवढा मोठा आहे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"अहो, म्हातारं माणूस..."

"जागचं हलायचं नाही!" मग त्या वर बघून ओरडल्या, "बाई, तोंड फिरवा! पाठ लावा गाडीला! जोर पायांत असतो, हातांत नाही!"

बाईंनी असं पाहिलं, की आता काही खरं नाही. मग सावकाश वळल्या. हँडल फिरवलं, कंबर टेकवली. हात कमरेच्या वर न्यायची गरजच नव्हती. एक पाऊल मागे, दुसरं मागे. गाडी उभी राहिली.

धाप आवरून बाई म्हणाल्या, "पाहिलंत? चुकीची पद्धत आधी मुद्दाम दाखवली."

"हो बाई," सगळे एका सुरात म्हणाले. बेकरीवाल्याचा सूर सगळ्यांत मोठा होता.

मग नर्सबाईंची पाळी आली. निसटलेल्या दगडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. नजर वर ठेवली, आणि गाडी भसकन माथ्यावर पोचली. तिथे बाई एकट्याच उभ्या होत्या, उजव्या हाताने डावा खांदा दाबत.

"सिस्टर," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "याला काही औषध?"

"व्यायाम आहे. डोंगरावरून उतरताना दर आठवड्याला येऊन शिकवीन." नर्सबाईंनी गाडी बंद केली. "पण करायचा मात्र ज्याचा त्यानेच."