न्हाय

शालूने बोंबलाच्या कालवणाचा टोप मुद्दाम दणकन खाली ठेवला. गोडदेव गावातल्या त्या दोन खोल्यांत आवाज चांगलाच घुमला, पण समिधाच्या लॅपटॉपवरून आईची नजर काही हलली नाही.

समिधा शालूची सख्खी धाकटी बहीण. चार वर्षांची असताना मूलबाळ नसलेल्या मावशीने तिला पूनम सागर सोसायटीतल्या आपल्या फ्लॅटवर नेलं. तिथे वेगळी खोली, इंग्रजी शाळा, आणि आता परदेशातल्या वेधशाळेत नोकरी. शालूला दवाखान्यात रिसेप्शनला बसायला मिळालं, तेही गावची बोली जिभेवरून घासून काढल्यावर. तिच्या वाट्याला आई तेवढी आली होती. आज समिधा आईलाही सहा महिन्यांसाठी परदेशी न्यायला आली होती, आणि शालूचा नुसता जळफळाट चालला होता.

"हा ग्रह त्याच्या ताऱ्याला अगदी चिकटून फिरतो," समिधा पुस्तकी मराठीत समजावत होती. "ताऱ्याचा उजेड याच्या हवेतून गाळला जाऊन आपल्यापर्यंत येतो. त्या हवेत कार्बन किती, ऑक्सिजन किती, हे बघितलं की हा कुठे जन्मला त्याचा अंदाज येतो. हा ताऱ्याजवळचा नाहीच. लांब, बर्फाळ जागी घडला आणि मग आत सरकला."

"पन हवा तिथलीच ऱ्हायली?" आईने विचारलं.

"बरीचशी."

"म्हणजे तुझ्यात पूनम सागरची हवा," शालू म्हणाली. "एसीची."

समिधा हसली नाही. आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"समे, मी न्हाय येत गं. शालूला सोडून मला न्हाय करमायचं. राग आला?"

शालूला जिंकल्यासारखं वाटलं. ती खुशीत ताटं वाढायला लागली.

समिधाने लॅपटॉप मिटला.

"न्हाय," ती खाली बघत म्हणाली. "राग न्हाय आला. तवा पन तू शालूलाच ठेवलंस."

शालूच्या हातातला डाव थांबला. इतकी वर्षं ती त्या वेगळ्या खोलीवर जळत आली होती. पूनम सागरात असं बोलणारं कुणीच नव्हतं, मावशीनेही ही बोली कधीच टाकली होती. मग ही पोर त्या खोलीत एकटीच हे शब्द कुणाशी बोलत बसायची?

तिने बोंबलाचा मोठा तुकडा समिधाच्या ताटात वाढला.

"आये, जा तू तिच्यासंगं," ती म्हणाली. "पन तीनच महिने. सहा न्हाय."