रेश्माच्या नावावर

कळसच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून करिमाबाईंना तेवीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत एक गोष्ट काही बदलली नाही. पुरुष वाचक कपाटातलं पुस्तक उपसायचा आणि लेखिकेचं नाव दिसलं की परत खुपसायचा. "बायकांचं नगं. रडगाणं आसतं." सुरुवातीला करिमाबाई वाद घालायच्या. पुढं पुढं नुसतं दुसरं कपाट दाखवायच्या. तोंड दुखवून घ्यायचं तरी किती?

यंदा मार्चमध्ये एक कादंबरी बारामतीहून बांधून आली. वाळवीनं वरची पानं खाल्लेली, म्हणून बाइंडरनं कोरा खाकी पुठ्ठा चिकटवला होता. लेखकाचं नाव आता फक्त करिमाबाईंच्या नोंदवहीत उरलं होतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले जोतीराम आबा ती घेऊन गेले. त्यांची बायको दिवाळीत वारली होती.

चौथ्या दिवशी आबा भर उन्हात चालत आले.

"बाई, ह्या लेखकाचं आजून काय हाय का? ह्यातला म्हातारा बायको गेल्यावर भाकरी कराय बसतो बगा. पीठ सैल हुतं म्हून आजून पीठ घालतो, परत पाणी घालतो. शेवटी परातभर पीठ म्होरं घिऊन बसून ऱ्हातो. माजं बी तसंच झालं. ह्या माणसाची बी बायको गेलेली दिसतीय."

करिमाबाईंना गप्प बसता आलं असतं. पण दमलेल्या माणसाला खोटंही रेटवत नाही.

"माणूस न्हाय आबा. बाई हाय लिवणारी."

आबा बाकावर टेकले. "मग तिला हे कुनी सांगितलं?"

"कुनी सांगाय कशाला पायजे? दिसलं आसंल तिला."

"कसं दिसंल? घरची बाई तर मरून गेलेली आसती की तवा."

आबा ते पुस्तक तसंच काखेत मारून निघून गेले.

बारा दिवसांनी त्यांची सून रेश्मा पुस्तक घेऊन आली. "आबांनी धाडलंय. त्याच बाईचं दुसरं द्या म्हणले. पर माज्या नावावर लिवा. पारावर कळलं तर हसत्याल लोकं."

करिमाबाईंनी दुसरी कादंबरी काढून रेश्माचं नाव लिहिलं. जुनं पुस्तक चाळलं, तर पानापानावर पिठाची बोटं.

"तू वाचलंस व्हय?"

"मला कुठला येळ? मी भाकरी थापती तवा आबाच मोठ्यानं वाचत्यात. पर बाईचं बोलणं आलं की थांबत्यात. म्हणत्यात, हे तू वाच, माज्या तोंडात बसत न्हाय. मग वाचती तशाच हातानं."

एरवी पुस्तक खराब केल्याबद्दल करिमाबाई बोलल्या असत्या. आज म्हणाल्या, "आबांना सांग, हिची आजून पाच पुस्तकं हायेत."

"पाच?" रेश्मा दारात थबकली. "म्हंजी पाचीतल्या बाया मलाच वाचाय लागणार!"

ती गेल्यावर करिमाबाईंनी चपला काढल्या आणि टेबलाखाली पाय लांब केले.